ओले स्फटिक

खडीसाखरेचा खडा फोडला म्हणजे पुष्कळदां त्याच्या पोटांत दोऱ्याचा तुकडा सांपडतो. साखरेचा दाट पाक गरम असतांनाच भांड्यांत ओततात, त्यांत दोरे ताणून सोडतात आणि भांडें कांहीं दिवस न हालवतां निवूं देतात. पाक निवत जातो तसतशी अधिक झालेली साखर विरघळलेल्या स्थितींत राहूं शकत नाहीं. ती दोऱ्याचा आश्रय करते, आणि बसतांना कशीहि न बसतां ओळीला ओळ व थरावर थर असा क्रम धरून बसते. खड्याला सपाट अंगें आणि सरळ धारा येतात त्या या क्रमामुळेंच. मीठ, तुरटी, मोरचूद हे पदार्थहि असेच वागतात आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु अंड्याचा पांढरा बलक, रक्ताला लाली देणारें द्रव्य, पोटांतील पाचकरस यांचेहि असेच पैलूदार खडे बनतात असें सांगितलें, तर चांगला शिकलेला मनुष्यहि क्षणभर थबकेल. हीं द्रव्यें प्रथिनांच्या जातीचीं; चिकट, बुळबुळीत, ऊब लागली कीं गोठणारीं, दोन दिवस ठेवलीं कीं नासणारीं. त्यांना पैलू आणि धार येणार कोठून? ही शंका एके काळीं रसायनशास्त्रांतील धुरंधर पंडितांनाहि होती. ती ज्यांनीं फेडली त्यांच्याजवळ साधनें फार नव्हतीं. थंड जागा, स्वच्छ कांचपात्र आणि वाट पाहण्याची तयारी, एवढ्यावरच त्यांचें बरेंचसें काम चाले.

आरंभ मात्र कोणी मुद्दाम केलेला नव्हता. गांडुळाचें रक्त दोन कांचांमध्यें हळूहळू सुकूं दिलें असतां त्यांत तांबड्या रंगाचे चपटे स्फटिक दिसूं लागतात, असें १८४० सालीं ह्यूनेफेल्ड नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें नमूद करून ठेवलें. हे रक्तांतील हिमोग्लोबिन या प्रथिनाचे स्फटिक होत. पुढें ते अनेक प्राण्यांच्या रक्तांतून मिळूं लागले, आणि १९०९ सालीं अमेरिकेंतील रायखर्ट व ब्राउन या दोघांनीं शंभरांहून अधिक जातींच्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनाचे स्फटिक काढून त्यांचीं छायाचित्रें व कोनांचीं मोजमापें एका भल्यामोठ्या ग्रंथांत प्रसिद्ध केलीं. दरम्यान १८९० च्या सुमारास हॉफमाइस्टर यानें अंड्याच्या पांढऱ्या बलकांतून स्फटिक मिळविले होते. त्याची युक्ति खडीसाखर करणाऱ्यास सहज समजेल अशी होती. शेतांत खत म्हणून घालतात तें अमोनियम सल्फेट त्यानें बलकाच्या द्रावणांत मिसळलें. हा क्षार पाण्याचा मोठा लोभी. तो द्रावणांतील पाणी स्वतःभोंवतीं गुंतवून ठेवतो. प्रथिनाच्या रेणूंना पाण्याचा आधार अपुरा पडूं लागला म्हणजे ते एकमेकांचा आधार शोधूं लागतात. घाई केली तर ते कसेहि गोळा होऊन नासक्या दुधासारख्या गुठळ्या होतात. सावकाशीनें घेतलें तर ओळी धरतात.

एवढें होऊनहि पंडितांची शंका फिटली नाहीं. प्रथिन म्हणजे ठराविक वजनाचा आणि ठराविक घडणीचा रेणू नव्हेच, लहान लहान कणांचा तो एक चंचल घोळका आहे, असें मानणारा मोठा पक्ष त्या काळीं होता. स्फटिक पुढें ठेवले तर त्यावर उत्तर तयार असे: स्फटिकाच्या पोटांत काय काय अडकून बसलें असेल तें कोणी पाहिलें आहे? वाद विशेष रंगला तो मात्र एन्झाइमांवरून. एन्झाइमें हीं जीवमात्राच्या शरीरांतील रासायनिक कामकरी होत. स्वतः खर्च न होतां दुसऱ्या द्रव्यांत फेरफार घडवून आणणें हा त्यांचा धर्म. खाल्लेलें अन्न पचतें, भिजवलेलें पीठ आंबतें, तें त्यांच्याच करणीनें. त्यांची करणी सर्वांना ठाऊक होती; शुद्ध रूपांत त्यांपैकीं एकहि कोणाच्या दृष्टीस पडलेलें नव्हतें.

तें दाखवून देण्याचा पण ज्यानें केला तो मनुष्य वरवर पाहणाऱ्यास या कामीं अगदीं अयोग्य वाटावा असा होता. जेम्स सम्नर हा १८८७ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत जन्मला. सतरा वर्षांचा असतांना शिकारींत सोबत्याची गोळी लागून त्याचा डावा हात कोपराखालीं कापावा लागला; आणि तो जात्याच डावखुरा होता. लिहिणें, टेनिस खेळणें, कांचेचीं नाजूक पात्रें हाताळणें हें सारें त्यानें उजव्या हातानें नव्यानें शिकून घेतलें. रसायनशास्त्राच्या उच्च पदवीसाठीं तो हार्वर्ड येथें गेला, तेव्हां फोलिन या नामांकित अध्यापकानें त्यास स्पष्ट सांगितलें कीं, एका हाताच्या माणसाचें या विद्येंत कांहीं व्हावयाचें नाहीं. सम्नरनें ऐकून घेतलें आणि तो तेथेंच राहिला. १९१४ सालीं पदवी मिळवून तो इथाका गांवच्या कॉर्नेल विद्यापीठांत शिक्षक झाला.

तेथें शिकवण्याचे तास पुष्कळ, उपकरणें थोडीं, पैसा बेताचा. अशा स्थितींत सामान्य मनुष्य लहानसें काम हातीं घेतो. सम्नरनें उलट विचार केला. वेळ आणि साधनें थोडींच मिळावयाचीं असतील तर तीं मोठ्या गोष्टीवर खर्चावीं, असें मनाशीं ठरवून १९१७ सालीं त्यानें युरिएज नांवाचें एन्झाइम शुद्ध करण्याचा संकल्प केला. मूत्रांत युरिया नांवाचें द्रव्य असतें. त्याचें अमोनियांत रूपांतर करणें हें या एन्झाइमाचें काम; तबेल्यांत पाऊल टाकतांच नाकाला झोंबणारा वास येतो तो याच क्रियेचा. हें एन्झाइम जॅक-बीन नांवाच्या शेंगेच्या बियांत भरपूर असतें. आपल्याकडे परसांत मांडवावर चढवतात त्या अबईची ही जवळची बहीण. बिया दळावयाच्या, पीठ पाण्यांत वा मद्यार्कांत कालवावयाचें, गाळावयाचें, गाळलेल्या रसांतून एक एक नको तें द्रव्य दूर करीत जावयाचें, आणि दर पायरीस युरियावर परीक्षा घेऊन एन्झाइम कोणत्या भागांत गेलें तें पाहावयाचें, असा हा उद्योग होता. एका हाताच्या माणसानें तो नऊ वर्षें केला.

या नऊ वर्षांत त्याला धीर देणारे थोडे भेटले. १९२१ सालीं ब्रुसेल्स येथें जाऊन एफ्राँ या तज्ज्ञाबरोबर काम करावें अशी त्याची इच्छा होती; परंतु एन्झाइम शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्याची कल्पनाच त्या गृहस्थास वेडेपणाची वाटली आणि बेत बारगळला. प्रयोगशाळेंत बर्फाची पेटी नव्हती, तेव्हां सम्नर रसाचीं पात्रें रात्रीं खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवी आणि रात्र चांगली गारठ्याची निघो अशी इच्छा करी. पुढें मद्यार्काऐवजीं त्यानें पाणी मिसळलेलें ॲसिटोन घेतलें. तीस टक्क्यांच्या आसपास. १९२६ सालीं एकदां हा रस थंड जागीं रात्रभर गळत ठेवला होता. दुसऱ्या दिवशीं त्यांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तों त्यांत बारीक, आठ पैलूंचे स्फटिक चमकत होते. ते त्यानें वेगळे काढले, पाण्यांत विरघळविले आणि युरियावर टाकून पाहिले. कोणत्याहि रसांत कधीं दिसला नव्हता इतका जोर त्यांत होता. आणि परीक्षेअंतीं तें द्रव्य प्रथिन ठरलें. त्यानें पत्नीला टेलिफोन करून ही बातमी सांगितली.

जगानें मात्र ती तितक्या उत्साहानें ऐकली नाहीं. जर्मनींत म्युनिक येथें रिचर्ड विल्श्टेटर हा त्या काळचा मोठा रसायनशास्त्रज्ञ होता. १९१५ चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालेलें होतें. त्याचें म्हणणें असें कीं, एन्झाइम हें एक लहानसें क्रियाशील द्रव्य असून प्रथिन हें केवळ त्याचें वाहन होय. वाहनाचे स्फटिक काढून स्वाराची ओळख पटत नाहीं. हें मत त्यानें हट्टानें बनविलेलें नव्हतें. एन्झाइम शुद्ध करतां करतां तो अशा पायरीस पोंचला होता कीं, प्रथिन ओळखण्याच्या सर्व परीक्षा निष्फळ ठरत आणि एन्झाइमाचा जोर तर कायम राही. त्यावरून प्रथिन नाहींच, असा निष्कर्ष त्यानें काढला. चूक एवढीच होती कीं, एन्झाइमें इतक्या अत्यल्प प्रमाणांत काम करतात कीं तेवढें प्रथिन त्या वेळच्या परीक्षांना सांपडणेंच शक्य नव्हतें. विल्श्टेटर हा सामान्य प्रतिपक्षी नव्हता. विद्यापीठांतील नेमणुकींत ज्यू लोकांविरुद्धचा द्वेष आड येतो असें दिसतांच त्यानें १९२४ सालीं आपलें अध्यापकपद सोडून दिलें, आणि नंतर मोठमोठीं बोलावणीं येऊनहि तें पुन्हां घेतलें नाहीं. असा निःस्पृह पुरुषहि चुकीच्या मताला कसा धरून राहतो याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे; कारण विद्येच्या क्षेत्रांत अनेकदां नवीन माणसास आडवा येतो तो दुष्टपणा नसून मान्यवरांची प्रामाणिक खात्री असते.

सम्नरनें एकामागून एक लेख लिहून आपली बाजू लढविली. निकाल लागला तो दुसऱ्याच्या हातून. १९३० सालीं प्रिन्स्टन येथें जॉन नॉर्थ्रप यानें पोटांतील पेप्सिन या पाचक एन्झाइमाचे स्फटिक काढले, आणि प्रथिन जितकें बिघडवावें तितकाच एन्झाइमाचा जोरहि त्याच प्रमाणांत कमी होतो असें काटेकोर मापांनीं दाखवून दिलें. स्वार आणि वाहन वेगळे असते तर हें प्रमाण असें जुळलें नसतें. १९३५ सालीं वेंडेल स्टॅन्ली यानें तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणूहि स्फटिकांसारख्या रूपांत मिळविला. १९४६ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग सम्नरला आणि उरलेला या दोघांना वांटून देण्यांत आला.

प्रथिनाचा स्फटिक बनतो हें अशा रीतीनें ठरलें. आतां प्रश्न आला कीं, त्याच्या आंत काय आहे? ज्या साधनानें तें कळावयाचें तें त्यापूर्वींच हातीं आलें होतें. लाउए याच्या सूचनेवरून १९१२ सालीं म्युनिक येथें क्ष-किरणांचा झोत एका स्फटिकांतून सोडण्यांत आला, तेव्हां पलीकडे ठेवलेल्या छायाचित्रणाच्या कांचेवर ठिपक्यांची सुरेख नक्षी उमटली. इंग्लंडांत ब्रॅग पितापुत्रांनीं त्या ठिपक्यांवरून मिठाच्या खड्यांत अणू कोठें कोठें बसलेले आहेत तें मोजून काढलें. स्फटिकच कां लागतो, असें कोणी विचारील. एकट्या रेणूवरून विखुरलेले किरण इतके क्षीण असतात कीं त्यांचा मागमूस लागत नाहीं. स्फटिकांत मात्र कोट्यवधि रेणू एकाच दिशेस तोंड करून एकसारखे उभे असतात, आणि एकटा गळा घराबाहेर ऐकूं जात नसला तरी आरतींत शंभर गळे मिळाले म्हणजे तीच ओळ रस्त्याच्या टोकाला ऐकूं जाते, तसा त्या सर्वांचा परिणाम एकवटून ठळक होतो. म्हणून स्फटिक मोठा हवा आणि त्यांतील रांगा बिनचूक हव्या.

या न्यायानें प्रथिनांच्या स्फटिकांवरहि क्ष-किरण सोडून पाहण्यांत आले. कांचेवर अंधुक डाग उमटले, नक्षी नाहीं. पुन्हां जुनी शंका डोकें वर काढूं लागली कीं, बाहेरून पैलू दिसले तरी आंत बहुधा गोंधळच असावा.

स्वीडनमधील उप्साला येथें स्वेडबर्ग याची प्रयोगशाळा होती. अतिशय वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत द्रावण घालून प्रथिनांच्या रेणूंचें वजन काढण्याची रीत त्यानें बसविली होती, आणि हीं वजनें ठराविक येतात असें त्याला आढळलें होतें. तेथें १९३४ सालीं फिलपॉट नांवाचा इंग्रज तरुण पेप्सिन शुद्ध करीत होता. सुटींत बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावयास तो डोंगरांत निघून गेला आणि पेप्सिनाचें पात्र शीतपेटींत तसेंच राहिलें. परत येऊन पाहतो तों त्यांत दोन मिलिमीटर लांबीपर्यंतचे देखणे स्फटिक वाढलेले. प्रथिनाच्या स्फटिकास दोन मिलिमीटर म्हणजे थोरच आकार. मिलिकन नांवाचा केंब्रिजचा एक संशोधक तेव्हां तेथें आला होता. अशा स्फटिकांची वाट पाहणारा एक माणूस केंब्रिजांत आहे हें त्याला ठाऊक होतें. स्फटिक ज्या द्रवांत वाढले त्या द्रवासकट एका नळींत घालून, ती कोटाच्या खिशांत टाकून त्यानें इंग्लंडास नेली.

तो माणूस म्हणजे जे. डी. बर्नाल. त्यानेंहि पहिला स्फटिक इतरांप्रमाणेंच बाहेर काढून किरणांसमोर धरला, आणि त्यालाहि कांहीं मिळालें नाहीं. परंतु त्यानें एक गोष्ट अधिक केली. त्यानें तो स्फटिक सूक्ष्मदर्शकाखालीं धरून निरखला. द्रवांत असतांना जो स्फटिक विशिष्ट प्रकाशांत झळकत होता, तो बाहेर हवेंत येतांच निस्तेज होतांना त्याला दिसला. दोष स्फटिकाचा नव्हता. तो सुकतांना त्याच्या आंतील रांगा मोडत होत्या. मग बर्नालनें अतिशय पातळ कांचेच्या केशनलिकेंत स्फटिक त्याच्या मूळ द्रवासह घातला, तोंडें बंद केलीं आणि ती नलिका किरणांत धरली. या वेळीं कांचेवर स्पष्ट, शेंकडों ठिपके उमटले. त्या रात्रीं तो उत्तेजित मनानें केंब्रिजच्या रस्त्यांवरून फिरत राहिला, असें सांगतात. त्याची सहकारिणी डोरोथी क्रोफुट त्या दिवशीं लंडनला वैद्याकडे गेली होती. तिच्या हातांच्या सांध्यांना संधिवाताची वेदना सुरू झाली होती. परत येतांच तिनें पुढचीं छायाचित्रें घेतलीं, आणि मे १९३४ मध्यें दोघांच्या नांवानें तो लहानसा लेख प्रसिद्ध झाला.

प्रथिनाचा स्फटिक आणि मिठाचा खडा यांत मूलभूत भेद आहे तो येथें कळून आला. मिठाच्या खड्यांत अणू दाटीनें बसलेले असतात. प्रथिनाच्या स्फटिकांत सुमारें अर्धा भाग पाणीच असतो. मोठे मोठे रेणू कोपऱ्याकोपऱ्यांनीं एकमेकांस जेमतेम टेकलेले, आणि मधल्या साऱ्या वाटा पाण्यानें भरलेल्या. पाणी गेलें कीं डोलारा बसलाच. म्हणून मीठ कोणतें आणि प्रथिन कोणतें हें प्रयोगशाळेंत सुईच्या टोंकानेंहि ओळखतां येतें. मिठाचा कण टणक लागतो आणि दाबल्यास तडकतो. प्रथिनाचा मऊपणें चुरतो. महिनाभर वाट पाहून मिळालेला सुंदर खडा सुई लागतांच टणक निघतो तेव्हां पाहणाऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी.

डोरोथी क्रोफुट पुढें ऑक्सफर्डला गेली. तेथें तिला इन्सुलिनाचें दहा मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीभरहि नव्हे इतकें, चूर्ण मिळालें. त्यांतून तिनें स्फटिक वाढविले आणि १९३५ सालीं त्यांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. त्या छायाचित्रावरून इन्सुलिनाची संपूर्ण घडण उलगडली १९६९ सालीं. मध्यें चौतीस वर्षें गेलीं, विवाह होऊन ती डोरोथी हॉजकिन झाली, दुसऱ्या कामाबद्दल १९६४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि हाताचीं बोटें संधिवातानें वांकडीं झालीं. तीं वांकडीं बोटेंच स्फटिक उचलून नलिकेंत बसवीत. १९६९ च्या त्या मंडळींत भारतांतून गेलेले विजयन् हेहि होते. पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत त्यांनीं ही विद्या रुजविली.

इतका काळ लागण्याचें कारण असें. कांचेवरील ठिपका किती गडद आहे तें मोजतां येतें; पण त्या ठिकाणीं पोंचलेली किरणांची लाट चढतीवर होती कीं उतरतीवर, हें त्यावरून कळत नाहीं, आणि तें कळल्यावांचून अणूंच्या जागा निघत नाहींत. या कोड्याशीं सर्वांत दीर्घ झुंज दिली ती मॅक्स पेरुट्झ यानें. हा व्हिएन्नाचा तरुण १९३६ सालीं केंब्रिजला बर्नालकडे आला. दुसऱ्या वर्षीं तो प्राग येथें हाउरोविट्झ या रसायनशास्त्रज्ञास भेटला आणि त्याच्या सांगण्यावरून त्यानें हिमोग्लोबिन हा विषय घेतला. घोड्याच्या रक्तांतील हिमोग्लोबिनाचे उत्तम स्फटिक त्याला केंब्रिजांतीलच अडेअर यानें दिले. हाउरोविट्झनें स्वतः एक विलक्षण गोष्ट पाहून ठेवली होती. हिमोग्लोबिनाच्या तांबड्याभडक सुयांसारख्या स्फटिकांचें एक पात्र त्याच्या शीतपेटींत कांहीं आठवडे विसरून राहिलें होतें. तेवढ्या काळांत जंतूंनीं आंतील प्राणवायु संपविला, आणि सुयांच्या जागीं जांभळट रंगाच्या षट्कोनी चकत्या तयार झाल्या. त्यांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरतांच कांचेच्या कडेनें हवा आंत शिरली. षट्कोन विरले आणि डोळ्यांदेखत पुन्हां तांबड्या सुया उगवल्या. रक्त प्राणवायु घेतें तेव्हां हिमोग्लोबिनाचा रेणू नुसता रंग बदलत नाहीं, तर आपली ठेवण बदलतो, ही गोष्ट त्या एका थेंबानें सांगितली.

पेरुट्झला तो रेणू उलगडावयास बावीस वर्षें लागलीं. मध्यंतरीं युद्ध आलें, आणि १९४० सालीं शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून त्याला स्थानबद्ध करून कॅनडाला धाडण्यांत आलें. कोडें सुटलें १९५३ सालीं. पाऱ्याचा जड अणू हिमोग्लोबिनाच्या रेणूला एका ठराविक जागीं चिकटवितां आला आणि रांगा मोडल्या नाहींत. मग पाऱ्यासह आणि पाऱ्यावांचून अशीं दोन छायाचित्रें ताडून पाहतां लाटेची स्थिति निघूं लागली. स्फटिकांतील पाण्याच्या वाटांनीं असे परके अणू आंत शिरवितां येतात, हाहि ओलेपणाचाच एक लाभ.

त्याचा सहकारी जॉन केंड्र्यू यानें मायोग्लोबिन हें स्नायूंतील लहान प्रथिन घेतलें होतें; आणि त्याची अडचण लाटेची नसून स्फटिकाचीच होती. घोड्याच्या स्नायूंतील मायोग्लोबिनाचे स्फटिक फारच लहान होत. खोल पाण्यांत दीर्घकाळ बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या स्नायूंत हें प्रथिन विपुल असतें, कारण प्राणवायूची शिदोरी त्यांत बांधलेली असते. तेव्हां सागरी प्राण्यांचें मांस मिळेल तेथून मागविण्यांत आलें, आणि अखेर पेरू देशाहून आलेल्या स्पर्म देवमाशाच्या मांसांतून हवे तसे मोठे स्फटिक मिळाले. १९५८ सालीं जगांतील पहिल्या प्रथिनाची ढोबळ आकृति प्रसिद्ध झाली. मिठाची सुबक जाळी पाहण्याची संवय झालेल्यांना ती आतड्यांच्या वेटोळ्यासारखी दिसली आणि थोडी निराशाच झाली. हिमोग्लोबिनाची आकृति पुढच्या वर्षीं तयार झाली, आणि १९६२ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

स्फटिक वाढविण्याची रीत त्यानंतर बरीच सुधारली, पण तिचें मर्म बदललें नाहीं. प्रथिनाच्या द्रावणाचा एक थेंब, राईच्या दाण्याहून मोठा नव्हे, पातळ कांचेवर ठेवतात, त्यांत क्षाराचें पाणी मिसळतात, आणि ती कांच उलटी करून क्षाराच्या अधिक दाट पाण्याच्या लहानशा कूपावर ग्रीस लावून बंद करतात. लोंबत्या थेंबांतील पाणी वाफेच्या रूपानें हळूहळू खालच्या दाट पाण्याकडे जातें, थेंब आटत जातो, आणि प्रथिनाला एकत्र येण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. कोणता क्षार, किती आंबट पाणी, किती थंडी, याचा नियम आधीं सांगतां येत नाहीं; म्हणून शेंकडों कूपांत शेंकडों मिश्रणें करून ठेवतात. बहुतेकांत साका बसतो, कांहींत थेंब स्वच्छच राहतो. एखाद्यांत बारीक कण दिसले तर मांजराच्या मिशीचा केस त्यांवरून फिरवून नव्या थेंबांतून ओढतात. केसाला लागलेले अदृश्य कण खडीसाखरेच्या दोऱ्याचें काम करतात. पेशींत प्रथिनें घडविणारा रायबोसोम इतका अवाढव्य कीं त्याचा स्फटिक अशक्य समजत. अडा योनाथ या इस्रायली विदुषीनें १९८० च्या सुमारास ऊष्ण झऱ्यांत राहणाऱ्या जंतूंचा रायबोसोम घेऊन तो मिळविण्यास आरंभ केला. २००९ चें नोबेल पारितोषिक तिच्याबरोबर ज्या दोघांना मिळालें त्यांपैकीं वेंकटरामन रामकृष्णन हे चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत.

स्फटिकावांचूनहि प्रथिनाचें रूप पाहण्याच्या रीती आतां निघाल्या आहेत. द्रावण क्षणांत गोठवून विद्युत्कणांच्या सूक्ष्मदर्शकानें पाहतात, आणि गणकयंत्र तर नुसत्या घटकांच्या क्रमावरून आकृतीचा अंदाज बांधतें. त्या कामास २०२४ सालीं नोबेल पारितोषिकहि मिळालें. परंतु तें गणकयंत्र ज्या संग्रहावर शिकलें तो संग्रह १९७१ सालीं अवघ्या सात आकृत्यांनीं सुरू झाला होता, आणि पुढें त्यांत पडलेली बहुतेक भर अशा ओल्या स्फटिकांचीच आहे.

जिच्यापासून हा वाद पेटला ती जॅक-बीन मात्र फार काळ मागें राहिली. तिच्या युरिएजाचा रेणू मोठा आणि स्फटिक हट्टी. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांना त्यांत निकेल हा धातु असल्याचा शोध लागला. तो काढून घेतला तर प्रथिन निर्जीव होतें. विल्श्टेटर तोपर्यंत हयात असता तर लहानशा क्रियाशील द्रव्याविषयींचें आपलें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें, एवढें समाधान त्याला मिळालें असतें. संपूर्ण घडण उलगडली ती मद्रास विद्यापीठाच्या स्फटिकशास्त्र विभागांत. जी. एन. रामचंद्रन यांनीं ज्या परंपरेचा पाया १९५२ नंतर तेथें घातला, तिच्यांतील दोघा संशोधकांनीं जॅक-बीनच्या युरिएजाचे स्फटिक वाढवून त्याची आकृति २०१० सालीं प्रसिद्ध केली. आठशें चाळीस घटकांची एक साखळी, अशा सहा साखळ्यांचा एक रेणू, आणि प्रत्येक साखळीच्या एका खोबणींत शेजारीं शेजारीं बसलेले निकेलचे दोन अणू. सम्नर १९५५ सालींच वारला होता. इथाकाच्या त्या थंड खोलींत सूक्ष्मदर्शकाखालीं त्यानें पाहिलेल्या आठ पैलूंच्या बारीक कणांत हे अणू तेव्हांहि तसेच बसलेले होते.